आईच्या ग्रीन कार्डासाठी नात्याचा पुरावा : जन्मनोंदीत मुलीचे नाव कोरे, आईची नावे दोन

गंगापूररोडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझी थोरली बहीण आता अमेरिकेची नागरिक झाली आहे. वडील २०११ मध्ये गेले. आई नाशिकला माझ्याकडे असते, आणि पुढची काही वर्षे तिने लेकीजवळही राहावे अशी आम्हा भावंडांची आणि आईचीही इच्छा आहे. बहीण तिकडून आय-१३०, म्हणजे नातेवाइकाच्या ग्रीन कार्डासाठी नागरिकाने भरायचा नात्याचा अर्ज, भरणार आहे. इकडची कागदपत्रे जमवण्याचे काम माझ्याकडे आहे आणि घोडे तेथेच अडले आहे.

बहिणीचा जन्म १९७४ चा. पहिले बाळंतपण म्हणून आई माहेरी, निफाड तालुक्यातील गावी गेली होती, त्यामुळे जन्माची नोंद नाशिकला नसून त्या ग्रामपंचायतीत आहे. मी तिचा उतारा काढला. जन्मतारीख बरोबर आहे, वडिलांचे पूर्ण नाव बरोबर आहे, लिंगाच्या रकान्यात ‘मुलगी’ आहे, परंतु बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे आणि आईच्या नावापुढे नुसते ‘सुमन’ असे लिहिले आहे. सुमन हे तिचे माहेरचे नाव. लग्नात तिचे नाव बदलून ‘शैलजा’ ठेवले गेले, आणि आधार, पासपोर्ट, बँक, कुटुंब निवृत्तिवेतन हे सारे शैलजा या नावाने आहे. बहिणीचेही लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव बदलले, त्यामुळे तिच्या नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर सासरचे नाव आहे. अर्जातल्या दोघी मायलेकी आणि उताऱ्यातल्या दोघी एकच आहेत, हे परक्या अधिकाऱ्याला कशावरून कळावे?

येथील एका सल्लागाराचे म्हणणे असे, की जुना उतारा बाजूला ठेवावा, उशिरा नोंदीचा आदेश मिळवून सर्व नावे असलेला नवा जन्मदाखला करून घ्यावा आणि त्यावर अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून कागदावर घेतलेले सरकारी प्रमाणन) घ्यावे. मला हे पटत नाही, पण नाही म्हणायला माझ्याजवळ आधारही नाही. शिवाय आईचा स्वतःचा जन्म १९५१ चा असून त्याची नोंद कोठेच सापडलेली नाही. ज्यांनी हे सोपस्कार पार पाडले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पंचवटीची माहेरवाशीण (सध्या न्यू जर्सी)

माझ्या आईचा अर्ज मी स्वतः भरला होता, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्याला जे पटले नाही ते योग्यच आहे. जन्माची नोंद एकदा झालेली असताना त्याच जन्माची दुसरी नोंद करायला जाणे मुळात चुकीचे आहे, आणि अमेरिकी अधिकाऱ्याच्या दृष्टीनेही ते निरुपयोगी आहे. दाखल्यावर जन्मतारखेइतकीच नोंदणीची तारीखही तो पाहतो. जन्म १९७४ चा आणि नोंद अर्ज भरण्याच्या आधी काही महिन्यांची, असे दिसले की तो त्या काळचे दुसरे पुरावे मागतो. म्हणजे जे कागद आज शोधायचे आहेत ते तेव्हाही शोधावेच लागतील, फक्त फाईलवर शंकेचा शेरा बसल्यानंतर. १९७४ साली नोंदवलेला उतारा, नाव कोरे असले तरी, आपल्या हातातील सर्वांत मोलाचा कागद आहे. तो फाईलमध्ये सर्वांत वर ठेवा.

आता नक्की काय मागितले जाते ते पाहू. वयाची २१ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकालाच आईवडिलांसाठी अर्ज करता येतो; नुसते ग्रीन कार्ड असणाऱ्याला करता येत नाही. आईसाठीच्या अर्जाला लेकीच्या नागरिकत्वाचा पुरावा आणि लेकीचे व आईचे नाव असलेला लेकीचा जन्मदाखला लागतो. आईवडिलांचे विवाह प्रमाणपत्र वडिलांच्या अर्जाला लागते, आईच्या अर्जाला नियमाने लागत नाही. ज्यांचे दोघेही पालक आहेत त्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की दोघांसाठी दोन स्वतंत्र अर्ज भरावे लागतात, एकाच्या अर्जात दुसरा येत नाही. याखेरीज, कोणाचेही नाव बदलले असेल तर त्या प्रत्येक बदलाचा पुरावा हवा.

तुमची खरी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. बाळाचे नाव नसलेला उतारा एकटा पुरत नाही, त्याला दुय्यम पुराव्याची जोड द्यावी लागते. मी वहीच्या पानावर आईचे आणि माझे प्रत्येक नाव एकाखाली एक लिहून काढले आणि लागोपाठच्या दोन नावांमध्ये ‘हे दोन्ही एकत्र दाखवणारा कागद कोणता?’ असा प्रश्न लिहिला. तुमच्या बाबतीत असे तीन सांधे आहेत : कोऱ्या नावाची मुलगी ते बहिणीचे माहेरचे नाव, बहिणीचे माहेरचे नाव ते सासरचे नाव, आणि सुमन ते शैलजा. दुसरा सांधा बहिणीच्या विवाह प्रमाणपत्राने सुटतो, त्याची चिंता नको. पहिल्यासाठी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा घ्या. जन्मतारीख, जन्मगाव आणि वडिलांचे नाव त्यात असते आणि ते उताऱ्याशी जुळते. मात्र त्या काळच्या शाळेच्या दाखल्यात आईचे नाव सहसा नसते. (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावातच महाराष्ट्रात आईचे नाव घालण्याचा निर्णय झाला आहे, आपल्या पिढीला त्याचा उपयोग नाही.) तिसऱ्या सांध्यावर सगळे अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट बहिणीला आजच विचारा. तिने स्वतःच्या ग्रीन कार्डाचा अर्ज भरला तेव्हा आईचे नाव काय लिहिले होते? त्या अर्जात आईवडिलांची नावे विचारलेली असतात, आणि ती फाईल अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडे जपून ठेवलेली असते. तेव्हा ‘सुमन’ लिहिले असेल आणि आता नुसतेच ‘शैलजा’ लिहिले, तर विसंगती आपणच निर्माण केली असे होईल. आय-१३० मध्ये आईची पूर्वीची नावे लिहिण्यासाठी जागा आहे. तेथे माहेरचे पूर्ण नाव अवश्य लिहावे.

अपोस्टिल या अर्जाला लागत नाही. त्यासाठी पैसे खर्च करू नका.

निवृत्त तलाठी, सिन्नर

माझी सारी नोकरी नाशिक जिल्ह्यातच झाली, म्हणून गावाकडच्या दप्तरापुरते सांगतो.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून बहुतेक राज्यांत अमलात आला. म्हणून १९७४ ची नोंद ग्रामपंचायतीत मिळाली. कोऱ्या रकान्यात नाव भरून घेण्याची तरतूद कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे, पण ती ठरावीक मुदतीसाठी असते आणि जुन्या नोंदींसाठी शासनाने ती अधूनमधून वाढवलेली आहे. सध्या मुदत चालू असेल तर ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे, म्हणजे ग्रामसेवकाकडे, बहिणीच्या शाळेच्या दाखल्यासह अर्ज करावा. यात मूळ नोंद व नोंदणीची तारीख तीच राहते, फक्त नाव भरले जाते, आणि सल्लागार सांगतात त्या नव्या दाखल्यापेक्षा ही गोष्ट सर्वस्वी वेगळी आहे. आईच्या नावात मात्र दुरुस्ती मागू नका. कलम १५ ची दुरुस्ती चुकीसाठी असते. त्या दिवशी माहेरच्या माणसांनी ‘सुमन’ सांगितले ते चूक नव्हते.

उशिरा नोंदीविषयीही सांगून टाकतो. एक वर्षानंतरच्या नोंदीला पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. २०२५ पासून आपल्या राज्यात या अर्जांची छाननी फार कडक झाली आहे. मूळ नोंद अस्तित्वात असताना ती लपवून असा आदेश घेतला, तर तो रद्द होण्याची आणि पुढे त्रास होण्याची भीती आहे. त्या वाटेला जाऊ नये.

मातोश्रींच्या १९५१ च्या जन्मासाठी ग्रामपंचायतीत शोधून उपयोग नाही. त्या काळच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना नंबर १४ मध्ये, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो त्यात होत, आणि ती दप्तरे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. निफाड तहसीलमध्ये नकलेचा अर्ज करताना गावाचे नाव, आजोबांचे पूर्ण नाव आणि १९५० ते १९५२ असा कालावधी लिहा, नुसते एक वर्ष लिहू नका, कारण घरात सांगितली जाणारी तारीख आणि दप्तरातील तारीख पुष्कळदा वेगळी निघते. काही पाने मोडीत असू शकतात. तेव्हा मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे. नोंदीत बहुधा वडिलांचे नाव आणि ‘मुलगी झाली’ एवढाच मजकूर असतो, तरीही तो कागद घ्यावा. नोंद नाहीच मिळाली तर जन्मनोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र निबंधकाकडून लेखी घ्या. तोंडी ‘नाही’ चालत नाही, ते कागदावर शिक्क्यासह हवे.

आता सुमन आणि शैलजा यांच्याविषयी. तुमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, शेतकरी होते काय? असल्यास त्यांच्या निधनानंतर वारसांचा फेरफार झाला असणार. फेरफारात विवाहित मुलींची नावे ‘अमुक भ्र. (भ्रतार) तमुक’ अशी, नवऱ्याच्या नावासह लिहिण्याची आपल्याकडची पद्धत आहे. आणि बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोड केली असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हक्कसोडपत्र असेल. वकिलांनी ते लिहिताना बाईचे सासरचे नाव आणि माहेरचे नाव अशी दोन्ही लिहिलेली मी अनेकदा पाहिली आहेत. अमेरिकेचा विचार कोणाच्या मनात नव्हता तेव्हा, जमिनीच्या कामासाठी झालेला तो दस्त आहे. आज केलेल्या दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा मी त्याला जास्त वजन देईन.

ओझरकर

दोन शंका. आईवडिलांच्या लग्नाची आता नोंदणी करून घेतली तर नावातील बदल सिद्ध होणार नाही का? आणि राजपत्रात नावबदलाची जाहिरात दिली तर?

पंचवटीची माहेरवाशीण (सध्या न्यू जर्सी)

लग्नाच्या नोंदणीसाठी ‘नमुना ड’ मधील ज्ञापनावर पती आणि पत्नी दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे वडील हयात नसताना तो मार्ग उरत नाही. ज्यांचे वडील हयात आहेत आणि ज्यांना वडिलांसाठीही अर्ज करायचा आहे, त्यांनी मात्र ही नोंदणी जरूर करून घ्यावी, आणि सोबत लग्नपत्रिका व लग्नातले फोटो जोडावेत, कारण लग्न १९७० च्या आसपासचे आणि प्रमाणपत्र आजचे, हा प्रश्न तेथेही येतोच.

राजपत्राचे म्हणाल तर आज प्रसिद्ध झालेली सूचना एवढेच दाखवते, की आई आज असे सांगते आहे. पन्नास वर्षांपूर्वी झालेला बदल त्याने सिद्ध होत नाही. दुसरे काहीच नसेल तर जोडावी, पण भिस्त तिच्यावर ठेवू नये.

प्रतिज्ञापत्रांबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे, कारण सर्वांत जास्त ढिलाई तेथेच होते. जिल्हा न्यायालयाबाहेर, सीबीएसजवळ, तयार मजकुरावर नाव टाकून ‘मी या दोघींना चांगले ओळखतो व त्या मायलेकी आहेत’ अशा दोन ओळींचे प्रतिज्ञापत्र झटपट मिळते. ते नोटरीच्या दृष्टीने बिनचूक असेल, पण त्यात पुरावा काहीच नाही. नियमाप्रमाणे दुय्यम पुरावाही अपुरा पडतो तेव्हा किमान दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे द्यायची असतात. या व्यक्ती अर्जाच्या पक्षकार नसाव्यात, म्हणजे बहीण किंवा आई यांच्यापैकी कोणी नाही, आणि त्यांना त्या घटनेची प्रत्यक्ष माहिती हवी. त्यात लिहून देणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि आईशी नाते असावे, आणि मुख्य म्हणजे ही माहिती त्याला कशी आहे ते असावे. मामा असतील तर त्यांनी लिहावे, की त्या वेळी माझे वय इतके होते, मी त्याच घरात राहत होतो, बहीण बाळंतपणासाठी अमुक महिन्यात माहेरी आली, सुईण कोण होती, बारशाला बाळाचे नाव काय ठेवले, आणि ज्या बहिणीला आम्ही सुमन म्हणतो तिचे सासरचे नाव शैलजा आहे. वयाने आईपेक्षा मोठे असलेले मामा किंवा मावशी असतील तर फारच उत्तम, कारण आईच्या स्वतःच्या जन्माबद्दलचे प्रतिज्ञापत्रही, आजी-आजोबा हयात नसल्यास, तिच्याहून वडील अशा जवळच्या नातेवाइकाचेच हवे असते. हा दुसरा कागद आय-१३० ला लागत नाही. तो अर्ज मंजूर झाल्यावर, नॅशनल व्हिसा सेंटरकडे (मुलाखतीआधी कागद तपासणारे अमेरिकी सरकारी कार्यालय) आईचे कागद पाठवताना लागतो. पण मामांचे वय पाहता दोन्ही आताच करून ठेवा.

गंगापूररोडकर

दोघांचेही मनापासून आभार. तलाठीकाकांनी सांगितल्याप्रमाणे मामांना विचारले. आजोबा १९८८ मध्ये गेले. वारसांच्या फेरफाराची नक्कल मिळाली असून त्यात ‘सुमन भ्र.’ आणि पुढे माझ्या वडिलांचे नाव आहे. हक्कसोडही झाली होती. मामांकडे जपून ठेवलेल्या दस्तात लिहून देणार म्हणून आईचे सासरचे पूर्ण नाव आहे, त्याखाली कंसात ‘माहेरचे नाव सुमन’ आणि आजोबांचे नाव आहे, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी आईची मराठीतली सही आहे, ती ‘शैलजा’ अशी. आईने तो कागद हातात घेऊन पुष्कळ वेळ वाचला.

वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. त्यांच्या पेन्शनच्या कागदांचाही उपयोग होईल का? आणि त्र्यंबकेश्वरच्या आमच्या उपाध्यायांच्या वहीत घराण्याची नावे आहेत, त्यात वडिलांच्या हातचा लेख आहे आणि आईचे व आम्हा दोघांचे नाव आहे. त्याचे छायाचित्र जोडावे का?

निवृत्त तलाठी, सिन्नर

प्रेसची नोकरी त्या वेळी केंद्र सरकारची होती, म्हणजे सन १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे वडिलांनी कुटुंबाचा तपशील ‘नमुना ३’ मध्ये भरून दिलेला असणार. त्यात पत्नी आणि मुलांची नावे, जन्मतारखा आणि नाते असे सगळे एका पानावर असते. कार्यालयाकडे आईच्या सहीने लेखी अर्ज करून त्याची साक्षांकित प्रत मागा. सोबत निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला जोडा. बहिणीचे नाव, तिची तीच जन्मतारीख आणि आई म्हणून शैलजा, हे वडिलांच्या हयातीत सरकारी कार्यालयात लिहिले गेलेले आहे. कोऱ्या रकान्याची उणीव बरीचशी याने भरून निघेल.

उपाध्यायांची वही शेवटी एक जास्तीचा कागद म्हणून ठेवायला हरकत नाही, पण ती शासकीय नोंद नव्हे. तिचा खरा उपयोग तुम्हाला स्वतःला आहे : पणजोबांचे नाव, आजीचे नाव, कोण केव्हा यात्रेला आले, हे पाहून तहसीलमधील शोध सोपा होतो.

ओझरकर

माझ्या चुलत भावाला डीएनए चाचणी करून टाकण्याचा सल्ला मिळाला होता. सरळ तेच केले तर एवढी धावपळ वाचणार नाही का?

पंचवटीची माहेरवाशीण (सध्या न्यू जर्सी)

स्वतःहून करू नये. कागद अपुरे वाटले तर अमेरिकी अधिकारी पत्राने तसे सुचवतात. चाचणी ऐच्छिक असते, ती एएबीबी या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतूनच करावी लागते, आणि अहवालात पालकत्वाची शक्यता किमान ९९.५ टक्के असावी लागते. आईचा नमुना त्यांनी ठरवलेल्या पद्धतीनेच घेतला जातो, म्हणून येथे कोणत्याही लॅबमध्ये करून आणलेला अहवाल वाया जातो. गंगापूररोडकरांच्या फाईलमध्ये आता जे जमले आहे ते पाहता ती वेळ येऊ नये असे मला वाटते.

राहिले भाषांतर. मराठीतल्या प्रत्येक कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडायचे, शिक्के, शेरे आणि कोरे रकाने यांसह. रकाना कोरा असेल तर भाषांतरातही तो कोरा असल्याचे लिहायचे. तेथे बहिणीचे नाव घालण्याचा मोह भाषांतरकाराला होऊ देऊ नका. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण ते करण्यास सक्षम आहोत, असे भाषांतरकाराचे सही, नाव, पत्ता व तारखेसह प्रमाणपत्र खाली हवे. त्याला नोटरी लागत नाही. नावांचे इंग्रजी स्पेलिंग आईच्या पासपोर्टात आहे तेच सर्वत्र ठेवा, आणि मूळ कागदावर इंग्रजीत वेगळे स्पेलिंग छापलेले असेल तर ते तसेच राहू द्या.

सोबत बहिणीच्या सहीचे एक पानाचे पत्र जोडा. त्यात कोणता कागद कोणत्या नावाला कोणत्या नावाशी जोडतो ते क्रमाने लिहा : ग्रामपंचायतीचा उतारा, शाळेचे रजिस्टर, नमुना ३, बहिणीचे विवाह प्रमाणपत्र, मग फेरफार आणि हक्कसोडपत्र, शेवटी मामांचे आणि आणखी एका नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र. अधिकाऱ्याला आपली लग्नात नाव बदलण्याची रीत माहीत असेलच असे धरून चालू नका; ती दोन वाक्यांत सांगा. पुढे पुरावा मागणारे पत्र आलेच तर उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस आणि टपालाचे काही दिवस एवढीच मुदत मिळते, आणि तेवढ्यात तहसीलची नक्कल हाती पडेलच याची खात्री नसते. म्हणून आज जे मिळते आहे ते सारे सुरुवातीलाच जोडावे, आणि मूळ प्रती मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतीसाठी आईजवळ ठेवाव्यात.

गंगापूररोडकर

नमुना ३ साठीचा अर्ज आईच्या सहीने आज टपालात टाकला आहे. बहिणीने तिच्या जुन्या ग्रीन कार्ड अर्जाची प्रत शोधली. तीत तिने आईचे नाव शैलजा आणि माहेरचे नाव म्हणून नुसते आडनाव लिहिले होते, म्हणून आय-१३० मध्ये पूर्वीचे नाव सुमन असे पूर्ण लिहून पत्रात त्याचा उल्लेख करणार आहे. निफाडला नकलेसाठी सोमवारी जात आहे. पिंपळगावचे मामा सोबत येणार आहेत.